मुंबई उपनगरांतील शालेय प्रशासन

मुंबई उपनगरांतील शालेय प्रशासन : मुंबई उपनगर जिल्ह्यातील सार्वजनिक शाळांची स्थापना, अर्थकारण व नियंत्रण यांची व्यवस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामान्यतः ‘शालेय जिल्हा’ हा शिक्षणाचा स्थानिक घटक असतो. त्याचा कारभार बहुधा मतदारांनी निवडलेले मंडळ पाहते आणि मालमत्ताकर हा त्याच्या उत्पन्नाचा एक प्रमुख आधार असतो. फ्लॉरिडासारख्या राज्यात प्रत्येक काउंटी हाच एक शालेय जिल्हा होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात याच्याशी काहीशी तुल्य जबाबदारी जिल्हा परिषदांकडे आहे. मुंबई शहर व मुंबई उपनगर या जिल्ह्यांना मात्र जिल्हा परिषद नाही. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके असलेला उपनगर जिल्हा (लोकसंख्या ९३,५६,९६२–२०११) १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबई जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. तो प्रामुख्याने महसुली घटक असून घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे त्याच्या कुर्ला तालुक्यात मोडतात. येथील सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाचा भार बृहन्मुंबई महानगरपालिका वाहते.

ऐतिहासिक आढावा : या व्यवस्थेचे मूळ १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात आहे. त्याच्या कलम ६१ नुसार प्राथमिक शाळा चालविणे व त्यांना साहाय्य करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरले. इतर शैक्षणिक कार्यांना उत्तेजन देणे ही बाब मात्र कलम ६३ खाली ऐच्छिक राहिली. प्रारंभी शाळांचा कारभार शासन व महापालिका यांच्या संयुक्त समितीकडे होता. १९०७ मध्ये प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी पूर्णपणे महापालिकेकडे आली. शहरापुरता स्वतंत्र प्राथमिक शिक्षण अधिनियम १९२० मध्ये संमत झाला आणि १९२५ पासून एफ व जी या विभागांत सक्तीचे शिक्षण सुरू झाले. उपनगरे या व्यवस्थेत दोन टप्प्यांनी आली. १५ एप्रिल १९५० रोजी अंधेरी, घाटकोपर इ. भाग, तर १ फेब्रुवारी १९५७ रोजी बोरिवली, मुलुंड इ. भाग महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. त्यांबरोबर तेथील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारीही महापालिकेकडे आली.

प्रशासन : धोरण व अर्थसंकल्प यांचा विचार करण्यासाठी महापालिकेची वैधानिक शिक्षण समिती असते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर आयुक्तांनी प्रशासक म्हणून कारभार हाती घेतला, तेव्हा या समितीचे कामही थांबले. शिक्षण खात्याचा प्रमुख शिक्षणाधिकारी असून त्याच्या हाताखाली उपशिक्षणाधिकारी, प्रशासकीय अधिकारी (शाळा) आणि विभाग निरीक्षक अशी उतरंड असते. ही रचना महापालिकेच्या प्रशासकीय विभागांना अनुसरून आहे. उदा., अंधेरीच्या पूर्व व पश्चिम भागांसाठी के/पूर्व व के/पश्चिम, बोरिवलीसाठी आर/मध्य, घाटकोपरसाठी एन आणि मुलुंडसाठी टी हे विभाग आहेत. एकाच इमारतीत निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा स्वतंत्र क्रमांकाने व अनेकदा दोन सत्रांत भरतात; त्यामुळे इमारतींची संख्या आणि शाळांची संख्या यांत फरक पडतो.

अभ्यासक्रम, शिक्षकांची अर्हता व परीक्षा यांबाबतचे अधिकार प्रामुख्याने राज्य शासनाचे आहेत. खाजगी माध्यमिक शाळांवर शासनाच्या शिक्षण निरीक्षकांची देखरेख असते; त्यांची कार्यालये पश्चिम उपनगरांसाठी जोगेश्वरी येथे व पूर्व उपनगरांसाठी चेंबूर येथे आहेत. म्हणजे एकाच वस्तीतील महापालिकेची प्राथमिक शाळा व तिच्या शेजारची खाजगी माध्यमिक शाळा यांची नियंत्रक कार्यालये भिन्न असतात.

अर्थव्यवस्था : शिक्षणाचा अर्थसंकल्प ‘ई’ या नावाने स्वतंत्रपणे मांडला जातो. २०२५–२६ मध्ये तो सु. ३,९५५ कोटी रु. होता. मालमत्ताकराच्या देयकात महापालिकेचा शिक्षण उपकर व राज्याचा शिक्षण उपकर असे दोन वेगळे घटक असतात. दुसरा महापालिका शासनासाठी वसूल करते. महापालिकेचा सर्वसाधारण निधी व शासकीय अनुदान हे शिक्षणखर्चाचे इतर आधार होत. विद्यार्थ्यांना गणवेश, दप्तर, वह्या इ. २७ शालोपयोगी वस्तू मोफत देण्याची योजना महापालिकेने स्वतः सुरू केली आहे.

माध्यमे : मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड या आठ भाषांतून शिक्षण देणारी ही यंत्रणा स्थलांतरितांच्या नगराचे प्रतिबिंब होय. तथापि एकविसाव्या शतकात मराठी माध्यमाची पटसंख्या लक्षणीय घटली. इंग्रजीकडील ओढा, तसेच गिरणगावासारख्या जुन्या वस्त्यांतून कुटुंबांचे झालेले स्थलांतर ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. या ओढ्याची दखल घेऊन महापालिकेने २०२०–२१ पासून ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने केंद्रीय मंडळांच्या अभ्यासक्रमाच्या शाळा सुरू केल्या. जोगेश्वरी पूर्वेकडील पूनमनगर येथील शाळा त्यांपैकी पहिल्यांत असून पुढील वर्षी राजावाडी (घाटकोपर) व मिठागर (मुलुंड) येथील शाळांची भर पडली. त्यांतील प्रवेशासाठी अर्जांची संख्या जागांहून अधिक झाल्याने सोडतीचा अवलंब करावा लागला. सार्वजनिक शाळा पालकांना सरसकट नकोशा झाल्या आहेत, या समजाला त्यामुळे छेद जातो.

समस्या : १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमाने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना आठवीपर्यंतचे शिक्षण हक्काचे झाले. आपल्या क्षेत्रातील प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये ठरली. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला, या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही. अनुदानित व सार्वजनिक शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्मे सदस्य स्त्रिया असणे आवश्यक आहे.

नववी व दहावी मात्र या हक्काच्या कक्षेबाहेर आहेत आणि १८८८ च्या अधिनियमातही माध्यमिक शिक्षण बंधनकारक नाही. परिणामी महापालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिक शाळांच्या मानाने फारच थोड्या राहिल्या. आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्याला, विशेषतः तमिळ, तेलुगू वा कन्नड माध्यमातील विद्यार्थ्याला, पुढे माध्यम बदलावे लागते, दूरच्या शाळेत जावे लागते किंवा शिक्षण सोडावे लागते. निवडक प्राथमिक शाळांना नववी-दहावीचे वर्ग जोडण्याचा उपाय महापालिकेने योजिला आहे. बंधनकारक व ऐच्छिक कर्तव्यांमधील ही जुनी सीमारेषा ओलांडली जाणे, यावर उपनगरांतील श्रमिक कुटुंबांच्या मुलांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.