उल्केच्या विवरातले न्योर्डलिंगन

दक्षिण जर्मनीत, बव्हेरियाच्या पश्चिम सीमेलगत न्योर्डलिंगन हे जेमतेम वीस हजार वस्तीचे गाव आहे. मध्ययुगीन तट अजून अखंड, आणि त्यावरून २.७ किलोमीटरची पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. हा गोल तट उल्केमुळे गोल झाला, असे प्रवासी एकमेकांना सांगतात. ते खरे नाही. वेशीबाहेर वाढलेली वस्ती आत घेण्यासाठी तो १३२७ पासून बांधला गेला. उल्केचे वर्तुळ त्याहून फार मोठे, सुमारे २५ किलोमीटर व्यासाचे. गाव त्याच्या पोटात आहे.

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक किलोमीटरहून मोठी अवकाशशिला इथे आदळली. विवरात पुढे तळे साचले, गाळाने भरले आणि रीस नावाचे सपाट, सुपीक मैदान तयार झाले. हा सगळा ज्वालामुखीचा प्रताप, असेच भूवैज्ञानिक दीर्घकाळ मानत होते. १९६० मध्ये युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना इथल्या सुएव्हाइट दगडात कोएसाइट हे खनिज सापडले. ते तयार व्हायला लागणारा प्रचंड दाब ज्वालामुखीच्या तोंडाशी मिळत नाही. वाद मिटला. गंमत अशी, की गावाचे सेंट जॉर्ज चर्च आणि त्याचा ९० मीटर उंच ‘डॅनियल’ मनोरा याच दगडाचा. आघाताने ग्रॅफाइटचे झालेले सूक्ष्म हिरेही त्यात आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत आणि सोनाराच्या कामाचे नाहीत. १९७० मध्ये ‘अपोलो १४’चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिशेल चंद्रावरचे दगड ओळखण्याची तयारी करायला इथेच आले होते.

गावाची भरभराट मात्र दगडावर नव्हे, जत्रेच्या व्यापारावर झाली. तीस वर्षांच्या युद्धात, सप्टेंबर १६३४ मध्ये, सम्राटाच्या आणि स्पेनच्या फौजांनी इथे स्वीडिश सैन्याचा धुव्वा उडवला. त्यानंतर गावाचा व्यापार खालावला. माझ्या मते तट टिकला तो जतनाच्या हौसेने कमी आणि नवे बांधायला पैसा नव्हता म्हणून जास्त. १८०३ मध्ये गावाचे स्वतंत्र शाही नगरपणही संपले आणि ते बव्हेरियात गेले.

आपल्या लोणारच्या विवरालाही बराच काळ ज्वालामुखीचेच मानले जात होते. लोणार जेमतेम १.८ किलोमीटर व्यासाचे, त्यामुळे काठावरून सगळे एका नजरेत मावते. रीसचे तसे नाही. तिथे गेलात तर डॅनियलवर चढा आणि क्षितिजावरची डोंगरांची कड पाहा. तोच विवराचा काठ.