पुणं सोडून फैजपूरला जावं का? चार दिवस राहून पाहिलं, त्याची गोष्ट

आमचं मूळ गाव डोईफोडिया. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीत, मेळघाटच्या शेजारी. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजाराच्या दिवशी कानावर कोरकू. सरहद्दीवरच्या बहुतेक घरांसारखंच आमचंही घर. बारावीनंतर इंजिनिअरिंगसाठी बाहेर पडलो, नोकरी पुण्यात लागली आणि बघता बघता अकरा वर्षं झाली. आई-बाबा अजून गावीच आहेत. शेत आणि गुरं सोडून पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला ते तयार नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

यंदा बायकोला फैजपूरला शिकवायला येण्याबद्दल विचारणा झाली. तिची वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाली आहे. माझं सॉफ्टवेअरचं काम बहुतेक घरूनच चालतं. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. म्हणजे हलायचं असेल तर हीच वेळ. नुसतं फोनवर विचारून असे निर्णय होत नाहीत, म्हणून डिसेंबरात चार दिवस तिथे जाऊन राहिलो. आपल्या मंडळातल्या आमच्या वयाच्या बऱ्याच घरांत हाच विषय या ना त्या रूपात चालू असतो, म्हणून जे पाहिलं ते सविस्तर लिहितो.

गाव कसं आहे?

फैजपूर जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात, बुऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर आहे. बुऱ्हाणपूरहून निघालं की रावेर, सावदा आणि मग फैजपूर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या पट्ट्यात जिकडे बघाल तिकडे केळी. वस्ती २५ हजारांच्या आसपास. नगरपालिका आहे, प्रांताचं कार्यालय आहे, बाजारपेठ बरी आहे. रेल्वे गावात नाही. मोठी गाडी पकडायची तर भुसावळला जायचं. पुण्याहून डोईफोडिया म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. फैजपूरहून सकाळी चहा पिऊन निघालं तर जेवायला गावी पोहोचता येतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हा फरक किती मोठा आहे ते कळलं होतं.

शाळेत इतिहासात फैजपूर हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित नेहरू, गांधीजीही आले होते. शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साध्या वस्तू वापरून मंडपाची सजावट केली होती. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम याच अधिवेशनात मंजूर झाला. लोकांनी यावं म्हणून साने गुरुजी खानदेशात गावोगाव फिरले होते. याच नेहरूंनी पुढे वीस वर्षांनी, १९५६ मध्ये, आपल्या नेपानगरचा वर्तमानपत्री कागदाचा कारखाना देशाला अर्पण केला. आमच्या आजोबांच्या पिढीला नेपा मिल म्हणजे नोकरी. फैजपूरच्या लोकांना १९३६ म्हणजे घरातली आठवण. चहाच्या टपरीवरसुद्धा तो विषय निघतो.

कॉलेजचं गाव म्हणजे काय?

तापी परिसर विद्या मंडळाचं धनाजी नाना महाविद्यालय इथे १९६१ पासून आहे. धनाजी नाना चौधरी हे याच परिसरातले स्वातंत्र्यसैनिक. त्यांचे चिरंजीव बाळासाहेब, म्हणजे मधुकरराव चौधरी, पुढे राज्याचे शिक्षणमंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. जे. टी. महाजन यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालयही फैजपूरलाच आहे. विद्यापीठ जळगावचं. १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे.

पुण्यात कॉलेज सुटलं की रस्ता नुसता तुंबतो. इथे सकाळी सातच्या सुमाराला एसटीतून मुलं-मुली उतरतात आणि गाव जागं होतं. यातली बरीच शेतकऱ्यांची मुलं, काही सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी आणि पावरा वस्त्यांमधली. अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. बायको एका प्रयोगशाळेत तासभर बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "इथे मी जे शिकवीन ते मुलांच्या शेतातच आहे." केळीच्या पानावरचा करपा, उतिसंवर्धनाची रोपं, ठिबक हे सगळं तिच्या विषयातलं. पुण्यात ती गेली तीन वर्षं कोचिंग क्लासमध्ये एमसीक्यू सोडवून घेते आहे.

खरी अडचण: तासिका

आता कळीचा मुद्दा. तिला मिळणारी जागा कायमची नाही, तासिका तत्त्वावरची आहे. महाराष्ट्रात हजारो नेट-सेट आणि पीएच.डी. झालेली मंडळी अशीच शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढं मानधन. सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. म्हणजे घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालणार. माझी कंपनी आज घरून काम करू देते, उद्या 'ऑफिसला या' म्हणाली तर? फैजपूरजवळ आयटी कंपनी नाही. हा प्रश्न आम्ही दोघांनी चारही रात्री घोळवला.

एक हिशेब मात्र आमच्या बाजूचा निघाला. पुण्यात दोन बेडरूमच्या घराला जे भाडं देतो, त्याच्या चौथ्या हिश्शात इथे अंगणासकट घर मिळतंय. जाण्यायेण्याचा आणि पाळणाघराचा खर्च वजा केला तर तिचं मानधन सुट्टीत थांबलं तरी घर अडत नाही. पण शिल्लक कमी पडेल, हे धरूनच चालायला हवं.

पाणी, नेट, डॉक्टर, शाळा

*पाणी.* रावेर-यावल पट्टा हिरवागार दिसतो तो भूजलावर. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा थर आहे, त्यात पावसाचं पाणी झपाट्याने मुरतं. पण केळीसाठी उपसाही तेवढाच, म्हणून विहिरी आणि बोअर खोल खोल जात राहिल्या. याच थरात तापीचं पाणी मुरवण्याच्या मोठ्या योजनेसाठी १० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. त्यात जळगावसोबत आपला बुऱ्हाणपूर जिल्हाही आहे. योजना होईल तेव्हा होईल. घर बघताना मी मालकाला आधी एवढंच विचारलं, "मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" तुम्हीही भाडं विचारण्याआधी हे विचारा.

*नेट.* फायबर मिळतं. मी चारही दिवस तिथूनच काम केलं, मीटिंगा घेतल्या. दोनदा वीज गेली. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड जवळ ठेवावंच लागेल.

*ऊन.* डिसेंबरात गाव सुंदर दिसतं, ते खरं मानू नका. भुसावळ-जळगावचा मे ४५ अंशांच्या घरात जातो. आम्ही बुऱ्हाणपूरकडचे, आम्हाला सवय आहे. पुण्यात वाढलेल्या मुलीला नाही.

*डॉक्टर.* रोजचं आजारपण गावात निभतं, मोठ्यासाठी भुसावळ किंवा जळगाव. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

*शाळा.* आम्ही दोघंही हिंदी माध्यमातून शिकलो. माझं मराठी बोलण्यातलं, लिहायला मी नोकरी लागल्यावर शिकलो. मुलीला मराठी वाचता यावं ही इच्छा होती आणि पुण्यात ते आपोआप होईल असं वाटायचं. पण सोसायटीत मुलं इंग्रजी-हिंदीतच खेळतात. इथे दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या मुलीबरोबर लेवा बोलीचे हेल काढत घरी आली. शाळा मराठी घ्यायची की सेमी-इंग्रजी, यावर आमचं अजून एकमत नाही.

सरहद्दीपलीकडच्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुढे महाराष्ट्रात सीईटीने इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा तर मुलांची दहावी-बारावी कुठल्या राज्यात झाली आणि अधिवास कुठला, हे पाहिलं जातं. १९५६ पर्यंत बुऱ्हाणपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. आता कागद दोन राज्यांचे आहेत. मुलं आठवी-नववीत असताना हलणार असाल तर नियम आधी नीट वाचा.

माणसं

शेवटच्या दिवशी घरमालकांच्या शेतात भरिताचा बेत होता. बामणोदची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी भांड्यात कुटून केलेलं भरीत, सोबत पुऱ्या. वीस माणसांत आम्ही तिघं नवे. "कोणाचे तुम्ही? गाव कोणतं?" असं विचारून दहा मिनिटांत त्यांनी आमच्या आत्याच्या सासरची ओळख काढली. मला ते आवडलं. बायकोला जरा धास्ती वाटली. "इथे आपण काय खातो, किती वाजता झोपतो, सगळं गावाला कळणार," ती म्हणाली. तेही खरंच आहे. पुण्यात कोणी विचारत नाही, हा त्रासही आहे आणि सोयही.

आम्ही काय ठरवलं?

पुण्याचं घर भाड्याचंच आहे, ते सोडतो आहोत. जूनपासून एक वर्ष फैजपूर, तेही भाड्याने. प्लॉट घेण्याचा आग्रह दोघा-तिघांनी केला, तूर्त नाही म्हटलं. कंपनीकडून वर्षभर घरून काम करण्याचं पत्र लेखी घेतलं आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे. पुढच्या मे महिन्यात तीन प्रश्न स्वतःला विचारायचे: तिला तासिका पुन्हा मिळाल्या का, मुलगी रमली का, आणि आपण आई-बाबांकडे खरोखर जातो का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर जवळ येण्याला काही अर्थ उरत नाही. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग शनिवारी येत जा, गव्हाला पाणी द्यायला माणूस मिळत नाही."