इंजिन बदलण्याआधी कागदांची तारीख पाहा

मोटारगाडी म्हणजे श्रीमंतांची चैन, असे पूर्वी म्हटले जाई. आज आपल्या वस्त्यांतूनही भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढून, पतपेढीचे कर्ज घेऊन जुनी मारुती दारात उभी केलेली घरे आहेत. म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायचे, लग्नकार्याला गावी जायचे, एवढाच तिचा उपयोग. अशा घरात एके दिवशी मेकॅनिक सांगतो की इंजिन गेले, आणि महिन्याचा सारा हिशेब कोलमडतो.

आमच्या वसाहतीतील एका सफाई कामगार कुटुंबावर २०२५ च्या मे महिन्यात हीच पाळी आली. गाडी २०१२ सालची ऑल्टो. कसारा घाट चढताना पाण्याचा होज फुटला, काटा लाल रेघेच्या वर गेला, तरी "अजून थोडेच राहिले" म्हणून गाडी तशीच दामटली. मग ती जी बंद पडली ती टोचन लावूनच घरी आली. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटे पाहिले आणि फुल इंजिनचे ६६ हजार सांगितले. घरच्या बाई पतपेढीचा अर्ज घेऊन आमच्याकडे आल्या, त्या जामीनदाराच्या सहीसाठी. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला ठेवलेले २० हजार त्यात घालून उरलेल्याचे कर्ज काढायचे ठरले होते.

आम्ही कारकून माणसे. सही करण्याआधी कागद वाचायची खोड. गाडीचे आरसी पुस्तक मागितले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. या गाडीची मुदत मार्च २०२७ ला संपत होती, म्हणजे हाती बावीस महिने. ६६ हजार भागिले बावीस, महिना तीन हजार रुपये, पेट्रोल आणि विमा वेगळा, कर्जाचे व्याज वेगळे. तशा ऑल्टोला बाजारात गिऱ्हाईक ९० हजारांच्या वर जाईना. मुदतीनंतर नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते हे खरे. पण त्यासाठी गाडी आरटीओच्या तपासणीत पास व्हावी लागते, आणि जी फी पूर्वी ६०० रुपये होती ती एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली, शिवाय हरित कर. या गाडीचा खालचा पत्रा सडलेला होता. तिच्यात नवे इंजिन घालणे म्हणजे पडक्या घराला सागवानी दार लावणे.

मग आमच्या आग्रहाने गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. वाचकहो, इंजिन खरोखर गेले का हे डोळ्यांनी कळत नाही. त्याला कॉम्प्रेशन टेस्ट करावी लागते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला मीटर लावतात आणि दाब मोजतात. या गाडीच्या तीनपैकी शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी भरला. त्यांत थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर दाब वाढला असता. तो वाढला नाही. म्हणजे दोष वरच्या भागात होता. हेड उतरवल्यावर दिसले की दोन सिलिंडरांमधले गॅस्केट जळाले आहे आणि उष्णतेने हेड वाकले आहे. हेड लेथवाल्याकडे फेसिंगला दिले, गॅस्केट, होज, वॉटर पंप नवे घातले, उघडलेच आहे तर टायमिंग बेल्टही बदलला. एकूण १७ हजार ४०० रुपये. बावीस महिन्यांवर पसरले तर महिना आठशेच्या आत. फीचे पैसे वाचले, पतपेढीचा अर्ज फाडला.

सर्वांच्या नशिबी हेडवरच भागत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर ऑइल जळते आहे आणि रिंगा, बोअर झिजल्याची शक्यता मोठी. तेथे हाफ किंवा फुल इंजिनचे काम करावे लागते. गाडी रोज धंद्यात चालत असेल, पत्रा धड असेल आणि कागद सहा-सात वर्षांचे शिल्लक असतील तर तो खर्च वसूल होतो. आमचा विरोध इंजिनला नाही, तारीख न पाहता काढलेल्या कर्जाला आहे.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचेच पाहा. टॅक्सीवाल्यांनी तिची इंजिने कितीदा खोलून बांधली, पुढे सीएनजीवर चालवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिला टॅक्सी म्हणून धावता येईना. इंजिन चालू होते की बंद, हे कोणी विचारले नाही.

आता जुन्या इंजिनाविषयी. कुर्ल्याच्या बाजारात भंगारात निघालेल्या गाड्यांची इंजिने मिळतात आणि ती स्वस्त पडतात. पण इंजिनावर नंबर कोरलेला असतो आणि तोच आरसी पुस्तकात लिहिलेला असतो. दुसरे इंजिन बसवले की मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. विमा कंपनीलाही कळवावे. बिल मागा, विकणारा बिल द्यायला कां कूं करू लागला तर ते इंजिन चोरीचे नसेल कशावरून? पोलीस विचारतात ते गाडीच्या मालकाला. जुन्याच ब्लॉकमध्ये काम केले तर नंबर बदलत नाही, ही भानगडही उरत नाही.

सुट्या भागांचे पक्के बिल घेताना एवढे पाहा की २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. काढलेले जुने भाग घरी मागून घ्या. गॅरेजवाला नाक मुरडेल, मुरडू द्या.

राहता राहिला पावसाळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हजारो गाड्या पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर ज्यांनी घाईने किल्ली फिरवली, त्यांच्या सिलिंडरमधले पाणी दाबले जाईना आणि कनेक्टिंग रॉड वाकले. इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसी वेगळी घेतली नसेल तर साध्या विम्यात हे नुकसान सहसा मिळत नाही. म्हणून बुडालेली गाडी सुरू न करता बॅटरीची वायर काढावी आणि टोचन लावून गॅरेजात न्यावी.