कुळीथ रक्तगट कसा ओळखतो?

आपण पिठलं करतो त्या कुळथात लेक्टिन नावाचं प्रोटीन असतं. आपल्या लाल रक्तपेशींवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. 'ए' गटात टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन, 'बी' गटात गॅलॅक्टोज. फरक छोटासाच, पण कुळथाच्या लेक्टिनची खाच पहिल्याच साखरेला नीट बसते. त्यांच्यातला एकेक हायड्रोजन बंध कमकुवत असतो. पण एका लेक्टिनला एकापेक्षा जास्त खाचा असतात, त्यामुळे पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन गुठळ्या होतात.

'ए1' पेशींवर ही साखर 'ए2'पेक्षा जास्त असते. म्हणून ब्लड बँकेत लेक्टिनचं योग्य प्रमाणात पातळ केलेलं द्रावण टाकलं, की 'ए1'च्याच गुठळ्या दिसतात. काही 'ए2' लोकांच्या रक्तात 'ए1'विरोधी अँटिबॉडी असते. अशा वेळी रक्त देण्याआधी हा फरक कळायलाच हवा.