आस तोच, आकार निराळा

पाटीत बारीक कोळंबी जास्त आली की तोटा आधी आपल्याला कळतो. निवडायला वेळ जातो, सोलताना बोटं दुखतात आणि बाजारात भाव मिळत नाही. मग कोणीतरी म्हणतं, मोठ्या आसाचं जाळं घ्या. पण आस केवढा आहे, याबरोबर तो कसा आहे, हेही बघावं लागतं. आज आपण त्याबद्दल बोलू.

ट्रॉलरचं जाळं पाण्यातून ओढत नेतात आणि मासळी त्याच्या शेवटच्या पिशवीत साठते. लहान कोळंबी सुटायची तर मुख्यतः तिथूनच. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. पिशवी भरून जड झाली की ताण लांबीच्या दिशेने येतो आणि शंकरपाळं मिटत जातं. साठलेल्या मासळीच्या जरा पुढच्या काही रांगा तेवढ्या उघड्या राहतात. बाकी भोकांच्या नुसत्या फटी होतात. कागदावर आस मोठा, पण पाण्यात तो बंद.

शिवणकाम करणाऱ्यांना हे पटकन समजेल. उरेब कापलेली पट्टी ओढली की ती लांबते आणि अरुंद होते. तेच कापड उभ्या धाग्यात ओढलं तर फारसं हलत नाही. चौकोनी आसाचं तसंच आहे. जाळं तिरकं कापून असं बसवतात की आसाच्या दोन बाजू लांबीच्या दिशेने येतात आणि दोन आडव्या. ताण उभ्या दोऱ्यांवर पडतो, आडवे दोरे जागेवर राहतात आणि भोक उघडं राहतं. लहान कोळंबी आणि माशांची पिल्लं निसटतात, पाणीही मोकळं वाहतं.

माप कसं घ्यायचं, तेही सांगतो. आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर मोजतात. 40 मिलिमीटरचा आस म्हणजे प्रत्येक बाजू साधारण 20 मिलिमीटर. आपल्या राज्यात ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस बंधनकारक आहे. मात्र आतून बारीक जाळ्याचं अस्तर लावलं, तर बाहेरच्या चौकोनाचा काही उपयोग नाही.

चौकोनी आस म्हणजे अचूक चाळण नव्हे. कोळंबीला पाय, मिशा आणि डोक्यावर काटा असतो. ती जाळ्यात अडकते, म्हणून काही लहान येणारच. चपट्या, रुंद माशांना तर शंकरपाळ्याचा आस उघडा असेल तर तोच सोयीचा पडतो. आणि जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं नव्हेत. ती वेगळी जात आहे आणि पूर्ण वाढूनही बारीकच राहते. कोळंबीचा हिशेब तिला लावता येत नाही.

आता पैशाचं बोलू. बऱ्याच जातींची कोळंबी समुद्रात अंडी घालते, पिल्लं खाडीत वाढतात आणि पुन्हा समुद्रात जातात. आयुष्य साधारण एक-दोन वर्षांचं, पण वाढ भराभर होते. किलोला 100 बसणारी कोळंबी म्हणजे एक नग 10 ग्रॅमचा. समजा, सुटलेल्या 100 पैकी 50 जगल्या आणि 25 ग्रॅमच्या झाल्या. तरी सव्वा किलो माल हाती येतो, आणि मोठ्या कोळंबीला भावही चढा असतो.

हा फायदा उद्याचा आहे, तोटा मात्र आजचा. बारीक मासळी घेऊन सुकवणाऱ्या बाईची पाटी सुरुवातीला हलकी होणार, हे आम्ही लपवत नाही. शिवाय एकाच बोटीने आस बदलला तर तिने सोडलेली पिल्लं शेजारच्या जाळ्यात जातील. म्हणून हा निर्णय सगळ्या बंदराने मिळून घ्यायचा आहे. सोसायटीच्या बैठकीत पुरुष जाळ्याचं बोलतात तेव्हा आपणही बसायला हवं. माल निवडणाऱ्या हातांना जाळ्यातलं सगळं माहीत असतं.

घरात नवीन जाळं येणार असेल तर तीन गोष्टी विचारा: आस चौकोनी आहे का, ताणून किती भरतो, आणि आतून अस्तर तर नाही ना?