कंपनी सेटिंगवर परत येताना

मे महिन्यात भरदुपारी दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राजवळून गाडी नेली, तर इंजिन ओढते ती हवा ४५ अंशांची असते. डांबराजवळ त्याहूनही तापलेली. टर्बोचा बूस्ट वाढवून घेतलेल्या गाडीचे खरे दुखणे इथूनच सुरू होते.

हिशेब सोपा आहे. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, म्हणजे साधारण १ बार बूस्ट दिला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १५ अंशांची हवा सुमारे १०५ अंशांवर जाते. ४५ अंशांची हवा मात्र १४५च्या घरात पोहोचते. बूस्ट १.२ बार केला की १६०. पुढे इंटरकूलर ती थंड करतो खरा, पण त्याच्या जाळीवर येणारा वाराही ४५ अंशांचाच. पेट्रोल इंजिनात एवढ्या गरम हवेने नॉकिंग होते, म्हणजे ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. डिझेलमध्ये एक्झॉस्टचे तापमान चढते आणि टर्बोची पाती भाजून निघतात. कंपनी बूस्ट कमी ठेवते तो कंजूषपणा नव्हे. आपल्या उन्हाळ्यासाठी राखलेली ती जागा आहे. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून, आपण ती आधीच खर्च करून टाकतो.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युकी याने १९०५ साली टर्बोचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूने एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबायची, ही त्याची कल्पना आजही तशीच आहे. प्रश्न आवरण्याचा असतो. त्यासाठी वेस्टगेट असते. हतनूर धरणात पाणी चढले की दरवाजे उघडून ते बाजूने सोडतात, तसे वेस्टगेट जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडते. ते कधी उघडायचे हे ॲक्च्युएटरची स्प्रिंग ठरवते, आणि तिच्यावर ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हुकमातला सोलेनॉइड.

बूस्ट वाढवणारा मेकॅनिक बहुधा यातच हात घालतो. ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या बारीक होजमध्ये टी टाकून थोडी हवा बाहेर सोडतो. ॲक्च्युएटरला दाब कमी भासतो आणि गेट उशिरा उघडते. कंपनी सेटिंगवर परत जाताना नुसता तो टी काढून भागत नाही. बऱ्याच गाड्यांच्या मूळ होजमध्ये सुईएवढ्या छिद्राचा पितळी रिस्ट्रिक्टर असतो. बदल करताना तो काढलेला असतो आणि डब्यात कुठेतरी हरवतो. नवी साधी होज बसवली की सोलेनॉइडने सोडलेली हवा लगेच मागून भरून येते, गेट लवकर उघडते आणि बूस्ट स्प्रिंगच्या किमान दाबावरच अडकतो. मालक म्हणतो, ‘स्टॉक केली आणि गाडीच मेली.’ गाडी मेलेली नसते. तेवढा एक तुकडा नसतो.

ॲक्च्युएटरचा रॉड आटे फिरवून आखूड केला असेल, तर तोही अंदाजाने सैल करू नये. हातपंप आणि प्रेशर गेज लावून तो कोणत्या दाबाला हलतो, ते कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहावे.

ईसीयूमधली मूळ फाइल आणि हे यांत्रिक काम एकाच खेपेला व्हायला हवे. नुसती फाइल परत टाकली आणि टी तसाच राहिला, तर दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर जातो, दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीवर, जाते. उलट डिझेलमध्ये टी काढला पण वाढवलेला मॅप तसाच राहिला, तर हवा कमी, इंधन जास्त. मागून काळा धूर.

दीपनगरच्या परिसरात आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. हौसेने बसवलेला उघडा कोन फिल्टर काढून कंपनीचा बंद एअरबॉक्स परत बसवाच. कोळशाची उडती राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना. काही कण एका मायक्रॉनहूनही लहान. कमी प्रतीच्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरमधून अशी राख आत गेली, तर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार घासली जाते आणि एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर थर बसून त्याचे माप चुकते.

कायद्याची बाजूही आहे. नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल, असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही.

सगळे जुळले की साबणाचे पाणी लावून होजच्या जोडांवर गळती पाहावी, मग स्कॅनर लावून मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघावेत. ही चाचणी सकाळच्या गारव्यात उरकू नका. दुपारच्या उन्हातही दोन्ही रेषा एकमेकींना धरून राहिल्या, तर सेटिंग बसले. घासलेला क्लच, सैल झालेले टर्बोचे बेअरिंग किंवा झिजलेल्या रिंगा मात्र फाइल बदलून भरून येत नाहीत. त्यांची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.