बालपणीच्या ल्युकेमियाच्या उपचारकाळातील दुय्यम लिम्फोमा

ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर उपचार सुरू असताना क्वचित काही मुलांमध्ये लसीका पेशींचा दुसरा, स्वतंत्र कर्करोग उद्भवतो. त्यास दुय्यम लिम्फोमा म्हणतात. हा मूळ आजाराचा पुनरुद्भव नसतो.

कारणे
या ल्युकेमियाचे उपचार साधारणतः २ ते ३ वर्षे चालतात. अखेरच्या देखभाल टप्प्यात मर्कॅप्टोप्युरिन व मेथोट्रेक्सेट दीर्घकाळ दिली जातात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८०च्या दशकापासून वापरल्या गेलेल्या एमसीपी-८४१ या उपचारपद्धतीतही ही औषधे होती. त्यांमुळे टी पेशींचे नियंत्रण क्षीण होते. परिणामी बी पेशींत सुप्त असलेला एपस्टाइन-बार विषाणू (शोध : १९६४) त्या पेशींच्या अनिर्बंध वाढीस कारणीभूत ठरू शकतो.

निदान व उपचार
लसीका ग्रंथींची सूज व रेंगाळणारा ताप ही लक्षणे भारतात सर्रास आढळणाऱ्या क्षयरोगातही दिसतात. त्यामुळे गाठीची बायोप्सी करून पेशींचा प्रकार व विषाणूचे अस्तित्व तपासणे आवश्यक असते. पुनरुद्भवावर अधिक तीव्र उपचार करावे लागतात. विषाणूजन्य वाढीत मात्र प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी करणे किंवा थांबवणे आणि रिटुक्सिमॅब देणे उपयुक्त ठरू शकते. तथापि औषधे थांबवल्यास मूळ ल्युकेमिया परतण्याचा धोका असल्याने दोन्ही आजारांचा एकत्रित विचार करावा लागतो.